भांडारकरच्या ‘अ‍ॅनल्स’चे जुने खंड रद्दीत द्यावेत का?

मृण्मयी_क:
मामाआजोबांचं घर रिकामं करतोय. माळ्यावर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या ‘अ‍ॅनल्स’ या संशोधनपत्रिकेचे १९३०च्या दशकातले खंड निघाले. कापडी बांधणी, पानं पिवळी पण शाबूत. घरचे म्हणतात, जेस्टोर या ऑनलाइन संग्रहात सगळं आहे, देऊन टाक. मी एम.ए. संस्कृतला आहे. ठेवावेत का? वाचायला सुरुवात कुठून करू?

पाठभेद:
मृण्मयी, कृपा करून देऊ नका. आधी अठरावा खंड काढा. त्यात संस्थेच्या महाभारताचे संपादक सुकथनकर यांचा भृगू आणि भारत यांच्यावरचा दीर्घ लेख आहे. भार्गवांच्या, म्हणजे भृगूच्या वंशजांच्या, कथा महाभारतात किती ठिकाणी आणि कशा शिरल्या, ते परशुरामापासून एकेक कथा घेऊन दाखवलंय. मग एकोणिसावा. अनेक पोथ्यांचे पाठ ताडून सुकथनकरांनी तयार केलेली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ला पूर्ण झाली. त्यानंतर नेपाळहून, राजगुरू हेमराज पंडितांकडून, एका फार जुन्या पोथीचे पाठ पुण्यात आले. म्हणजे छापून झालेल्या संहितेची परीक्षाच! सुकथनकरांनी तो ताळा याच अंकात जाहीरपणे मांडला. अनेक ठिकाणी त्यांनी निवडलेले पाठ त्या पोथीत तसेच निघाले.

गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा या आवृत्तीत परिशिष्टात का गेली, हे वर्गात एका वाक्यात उरकतात. तो निर्णय घेण्यामागची शिस्त कळायला हे लेखच हवेत. महाभारताचं काम १९६६पर्यंत चाललं. त्यातले वाद, उत्तरं, दुरुस्त्या इथे घडत असताना दिसतात. या आवृत्तीवरच्या डॉ. रूबेन यांच्या आक्षेपांना सुकथनकरांनी दिलेलं उत्तर अकराव्या खंडात आहे, तेही सोडू नका.

शारदा७२:
+१. संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांचे लेखही बघ. एखाद्या ग्रंथकाराचा काळ ठरवायचा, तर तो कोणाला उद्धृत करतो, त्याला कोण करतं आणि पोथीची नक्कल कधीची, एवढ्यावरून दोन्ही टोकं आवळत आणतात. प्रबंधासाठी यापेक्षा चांगला धडा नाही.

मृण्मयी_क:
अठरावा आणि एकोणिसावा दोन्ही आहेत! एकोणिसाव्याचा कणा सुटलाय. चिकटपट्टी लावू?

पाठभेद:
अजिबात नको. तिचा गोंद कागद खातो. सुती नाडीने सैल बांधून आडवा ठेवा आणि हाताने शिवणाऱ्या बाइंडरकडे न्या. कडा कापू नका म्हणून आधीच बजावा, समासात आजोबांच्या नोंदी असतील. तोवर लेख जेस्टोरवर वाचायला घ्या.