व्यसनाबद्दल विचारायला नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवायलाच हवं

रातराणी:
ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. पेशंटचे हात थरथरत होते, घाम सुटला होता, भिंतीवर किडे दिसतात म्हणत होता. मी दुसऱ्या वर्षाला होते. घाबरलाय असं समजून धीर देत बसले. दारू अचानक बंद झाल्याची ती लक्षणं होती. संध्याकाळी त्याला फिटचा झटका आला. दाखल होताना ‘दारू घेता का’ एवढंही कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. आमच्या पुस्तकात व्यसनावर एक धडा होता, तोही मानसोपचाराच्या पेपरापुरता. हा विषय सर्जरी, मेडिसिन, प्रसूती, प्रत्येक पोस्टिंगमध्ये हवा, आणि प्रश्न विचारण्याचा सराव एकमेकींवर करून घ्यायला हवा.

जुनी_सिस्टर:
मला पटत नाही. मुलींना सलाइनचे थेंब नीट मोजता येत नाहीत, त्यात हे कशाला? व्यसनाचं निदान मानसोपचारतज्ज्ञांनी करावं. अर्धवट शिकलेली विद्यार्थिनी ‘किती पिता?’ विचारणार, पेशंट भडकणार, नातेवाईक आम्हाला जाब विचारणार.

रातराणी:
निदान करा म्हणतच नाही मी. ताप आपण मोजतो, तो कशाचा हे डॉक्टर ठरवतात, तसंच हे. दारूच्या सवयीबद्दलची जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ प्रश्नावली १० प्रश्नांची आहे, ‘केज’ तर फक्त ४ प्रश्नांची. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न यांत नाही: शेवटची दारू कधी घेतली? थरथर काही तासांत सुरू होते, भ्रमाचा जीवघेणा टप्पा बहुधा दोन-तीन दिवसांनी येतो. वेळ कळली तर कोणत्या रात्री डोळ्यांत तेल घालून बसायचं ते कळतं. आणि सलाइनचंच म्हणाल, तर अशा पेशंटला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलंय का, हे बघायचं कुणी? बाटली आपणच लावतो ना?

स्वच्छ_नोंद:
माझी हरकत वेगळी आहे. केसपेपरवर एकदा ‘दारुडा’ लिहिलं की त्या माणसाचं दुखणंही नाटक ठरतं, वेदनाशामक मागितलं तर संशय येतो. हे मी पाहिलंय आणि अजून सलतं. नुसती प्रश्नावली हातात दिलीत तर शिक्के मारणाऱ्यांची संख्या वाढेल. आधी भाषा शिकवा. ‘रोज किती, किती दिवसांपासून, शेवटचं कधी’ एवढंच लिहायचं, विशेषण लावायचं नाही. आणि नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारायचं.

जुनी_सिस्टर:
हे मात्र खरं. पण विचारून पुढे काय? पाठवायला जागा नसेल तर?

रातराणी:
तरी पाच मिनिटं बोलता येतं. ‘सोडा’ म्हणून दटावायचं नाही, ‘यातलं तुम्हाला काय बदलावंसं वाटतं?’ असं विचारून ऐकायचं. जास्तीचं पिणारे काही जण एवढ्यानेही कमी करतात. ज्यांना पक्कं व्यसन जडलंय त्यांना हे पुरणार नाही, तिथे उपचारच लागतात, तुमचं बरोबर आहे. पण झटका टाळायला बाहेरची जागा लागत नाही, ते वॉर्डातच होतं.

जुनी_सिस्टर:
सराव कोण घेणार? आम्हाला तरी कुणी शिकवलं होतं?

स्वच्छ_नोंद:
मग पहिला वर्ग शिक्षिकांचा घ्या. पहिल्या बाकावर मी बसते.