श्रीलंकेत युद्ध संपलं, मग ईस्टरचे स्फोट कुठून आले?

प्रश्न: मे २००९ मध्ये एलटीटीई (वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना) संपली. तरी २१ एप्रिल २०१९ ला तीन चर्च, तीन हॉटेलांत स्फोट, २५० हून जास्त बळी. हे मला अजून उलगडत नाही.

उत्तर १: यंत्रणेची नजर जुन्या शत्रूवरच खिळलेली. या स्फोटांचा म्होरक्या, कट्टर इस्लामी प्रचारक झहरान हाशिम; त्याच्या भडक भाषणांविरुद्ध त्याच्या काट्टनकुडी गावातले मुस्लिमच तक्रारी करत होते. ऐकतंय कोण!

उत्तर २: आणि बोडू बल सेना, ती कट्टर सिंहली बौद्ध संघटना? २०१४ मध्ये त्यांच्या सभेनंतर अलुथगामा शहरात मुस्लिमांची घरंदुकानं जळाली. झहरानसारख्यांना आयतं कोलीत मिळालं. (समर्थन नाही करत, उगाच अंगावर येऊ नका.)

प्रश्नकर्ता: पण हल्ला होणार हे भारताने आधीच कळवलं होतं ना?

उत्तर १: कळवलं होतं. पण श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्ष-पंतप्रधानांचं तेव्हा इतकं फाटलेलं, की पंतप्रधानांना सुरक्षा परिषदेच्या बैठकीला बोलवतच नव्हते.