मदत हवी आहे: अंबाझरीवरची तुतारी हिरवी की ठिपकेवाली?

मार्चच्या सुरुवातीला नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या मागच्या बाजूला, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या चिखलात एक तुतारी (पाणथळ जागी चरणारा छोटा पक्षी; हिरवी, ठिपकेवाली आणि सामान्य या तिच्या वेगवेगळ्या जाती) दिसली. एकटीच, शेपूट सारखी वरखाली करत. सामान्य तुतारी नक्की नाही. खांद्यापुढे चढणारी पांढरी पट्टी नव्हती.

पाय चिखलाने माखलेले, त्यामुळे पिवळसर की हिरवट कळत नाही. भुवई (डोळ्यावरची फिकट पट्टी) डोळ्यामागे थोडी गेल्यासारखी वाटते, म्हणजे ठिपकेवाली. पण पाठ गडद आणि ठिपके बारीक, म्हणजे हिरवी. एकदा उडाली तेव्हा शेपटीच्या मुळाशी पांढरा भाग दिसला, पण तो तर दोघींनाही असतो! पंखाखालचा रंग फोटोत आला नाही, आवाजही ऐकला नाही. पक्षी ओळखणाऱ्या ॲपला दोन फोटो दिले तर दोन वेगळी उत्तरं.

लेन्स ३०० मिमीची आहे आणि जवळ जाऊन पक्षी उडवायचा नाही. स्थलांतराच्या परतीच्या प्रवासात असेल तर पुन्हा भेटेलच असं नाही, त्यामुळे नोंद आहे त्या फोटोंवरूनच करायची आहे. शेपटीवरचे पट्टे मात्र स्पष्ट आहेत: मोजके आणि रुंद, म्हणजे हिरवीसारखे. मार्चमध्ये पिसं झिजून पाठीचे ठिपके फसवे होतात, तेव्हा फक्त शेपटीच्या पट्ट्यांवरून हिरवी म्हणून नोंदवणं योग्य ठरेल का?