प्रतिसाद : फेरेट अचानक गेला, कारणच कळलं नाही

ताई, मुंगसासारखा दिसणारा, रात्री घरभर उड्या मारणारा तुमचा पाळीव फेरेट सकाळी झोळीत गार पडलेला सापडला आणि ‘माझंच काहीतरी चुकलं’ असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून राहवलं नाही. आमची चिकू अशीच गेली. जुळे सोलापुरात शेजारी म्हणाले, “मुंगसासाठी एवढं काय रडायचं!” नंतर कपाटामागे तिने दडवलेले मोजे सापडले, प्रत्येकाच्या टाचेला तिच्या दातांची बारीक भोकं. अजून टाकवत नाहीत.

फेरेट दुखणं लपवतात हो. हृदयाचे स्नायू कमजोर होणं, स्वादुपिंडातल्या गाठीमुळे साखर उतरणं, रबराचा तुकडा गिळून आतडं तुंबणं, यातलं बरंच वरून दिसतच नाही. आपल्याकडचा उन्हाळा त्यांना झेपत नाही हे खरं. पारा चाळिशीपार जातो, त्यांना तिशीच्या आसपासच त्रास सुरू होतो. पण तुमचा तर ऐन थंडीत गेला. उन्हाचा दोष तरी स्वतःवर घेऊ नका.

शवविच्छेदन केलं तरी दरवेळी कारण सापडतंच असं नाही. तुम्ही त्याला मातीआड केलंय, आता तो विचार सोडा.

‘नवा आणा, विसराल’ हा वरच्या प्रतिसादातला सल्ला मला अजिबात पटला नाही. आधी घरातल्या दुसऱ्या फेरेटकडे बघा. जोडीदार गेला की काही फेरेट खाणं सोडतात आणि यांना उपास सोसत नाही. आज संध्याकाळपर्यंत त्याने नीट खाल्लं नाही, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.