१९११ चे अडीच डॉलरचे मॅट प्रूफ: अस्सल, की चलनी नाण्यावर नंतर वाळू मारलेली?

नाणेप्रेमी:
अमेरिकेचे १९११ चे अडीच डॉलरचे इंडियन हेड (मूळनिवासी इंडियनचे डोके असलेले) सोन्याचे नाणे विक्रीला आले आहे. विकणारा ते मॅट प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडून वाळूच्या झोताने मंद केलेले, आहे म्हणतो, पण नाणे स्लॅबमध्ये (ग्रेडिंगवाल्यांनी तपासून सीलबंद केलेल्या डबीत) नाही, सुटे आहे. वजन ४.१८ ग्रॅम, व्यास १८ मिमी, टांकसाळीचे अक्षर नाही. पृष्ठभाग दोन्ही बाजूंनी खरखरीत, रंग मोहरीसारखा. त्या वर्षी प्रूफ निघाली फक्त १९१, म्हणून धाकधूक आहे. साध्या नाण्यावर कोणी नंतर वाळूचा झोत मारला असेल तर ते भिंगाखाली कसे कळेल? आणि १९१० च्या प्रूफांची संख्या ६८२ दिली जाते, म्हणजे ते वर्ष सहज मिळायला हवे ना?

भिंग१०:
वजन, व्यास, घनता यांनी इथे काहीच सिद्ध होत नाही. लबाडी करणारा अस्सल चलनी नाणेच घेतो. त्यामुळे ९० टक्के सोने, १० टक्के तांबे, १७.२ च्या आसपासची घनता, सगळे बरोबरच येणार. टांकसाळीचे अक्षर नसणे ही फक्त पहिली अट. प्रूफ फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतच पाडत, पण तिथल्या लाखो चलनी नाण्यांवरही अक्षर नसतेच. डेन्व्हर टांकसाळीचा ‘डी’ दिसला असता तर मात्र विषय तिथेच संपला असता.

पाहायचे ते वाळूच्या खालचे नाणे. प्रूफ हळू दाब देणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसवर पाडत, म्हणून छाप पूर्ण उठतो: टोपाच्या पिसांच्या रेषा टोकापर्यंत सलग, मागच्या गरुडाच्या खांद्यावरचे पीस न् पीस सुटे, मानेखालची ‘बीएलपी’ ही शिल्पकार बेला लायन प्रॅट यांची आद्याक्षरे स्वच्छ. कड काटकोनात, धारदार. वाळूचा झोत टांकसाळीत छाप उठल्यानंतर मारला जाई, तोही इतका बारीक की या धारा बोथट होत नसत. बाहेर मारलेली वाळू बहुधा जाड असते. मग अक्षरांचे कोपरे गोल होतात आणि पिसांच्या रेषा एकमेकींत मिसळतात.

एकच दिवा ठेवा, खोलीतले बाकीचे बंद करा आणि १० पट भिंगाखाली नाणे हळूहळू तिरपे करा. अस्सल पृष्ठभागावर साखरेच्या कणांसारखी बारीक लुकलुक सगळीकडे सारखी फिरते, खोल रेषांतसुद्धा. आम्ल लावून मंद केलेले नाणे मेल्यासारखे दिसते, लुकलुकत नाही.

टांकसाळ:
वर्षांचाही हिशेब मनात ठेवा. १९०७ पर्यंत आधीच्या लिबर्टी हेड नाण्यांची प्रूफ आरशासारखी चकचकीत असत. नव्या नाण्यांवर ते जमेना. प्रॅटच्या नाण्यात आकृती खाली कोरलेली, शिल्पकार सेंट-गॉडन्सच्या दहा आणि वीस डॉलरमध्ये मैदान, म्हणजे आकृतीभोवतीची मोकळी जागा, वक्र. साच्याला आरशासारखे पॉलिश करायला सपाट जागाच उरली नाही. म्हणून १९०८ ला वाळूचा झोत आला. संग्राहकांना तो गडद रंग आवडला नाही, तेव्हा १९०९ आणि १९१० ला रोमन फिनिश, म्हणजे छापल्यानंतर काहीही न केलेला रेशमी, उजळ पिवळा पृष्ठभाग. १९११ ते १९१५ पुन्हा वाळू. एखाददुसरा अपवाद नोंदलेला आहे, पण १९०९-१० चे ‘सँडब्लास्ट’ कोणी सुटे विकत असेल तर हात लावू नये.

६८२ या आकड्यावर माझा विश्वास नाही. १९०९ ला १३९ आणि १९११ ला १९१ असताना मध्येच ६८२, आणि आज हाती असलेल्या नाण्यांत तेवढा फरक दिसत नाही. न विकलेली प्रूफ वितळवत, तेव्हा बहुतेक वितळली तरी असतील किंवा नोंदच चुकली असेल. दुर्मिळता ठरवताना आज किती उरली तेच बघा.

कडेकडेने:
तपासताना बोट कडेवरच ठेवा. या नाण्याला वर उचललेली कड नाही, मैदानच सर्वांत उंच. टेबलावर जरा सरकले तरी वाळूने उठलेले टोकदार दाणे दबतात आणि चमकता डाग पडतो. तो परत मंद करता येत नाही. कापूस, कापड, डिप (साफ करायचे रसायन) काही नको. तांब्याचा लालसर ठिपका असला तर असू द्या. पीव्हीसीच्या पाकिटात असेल तर आधी बाहेर काढा. शुद्ध अ‍ॅसिटोन सोन्याला काही करत नाही, पण पुसायचा मोह होतो, म्हणून तेही ग्रेडिंगवाल्यांवरच सोडा.

नाणेप्रेमी:
दिव्याखाली पाहिले. पिसे बरी आहेत. पण चेहऱ्यासमोरच्या मैदानात दोन खोलगट ठेचा आहेत, आणि त्यांच्या तळाशीही तसाच खरखरीतपणा.

भिंग१०:
मग उत्तर मिळाले. टांकसाळीत वाळू शेवटी लागे, त्यामुळे अस्सल प्रूफला नंतर बसलेली ठेच आतून गुळगुळीत, चमकती दिसते. तुमच्या ठेचांच्या तळाशी दाणा आहे, म्हणजे नाणे आधी पिशवीत इतर नाण्यांवर आपटले आणि वाळू नंतर लागली. प्रूफ पिशवीत जात नसत. हे चलनी नाणे आहे, तेही बिघडवलेले. सोन्याच्या भावापेक्षा फार देऊ नका.