एक्सएसएलटीत (एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेत) एकापेक्षा जास्त शब्द कसे शोधायचे?

पुस्तकांची एक्सएमएल यादी आहे, सर्च बॉक्समधून 'कोकण मासे इतिहास' असं येतं, यातला कुठलाही शब्द शीर्षकात असला तरी पुस्तक दिसायला हवं, पण कंटेन्स (अमुक मजकूर आत आहे का हे बघणारं फंक्शन) तर अख्खं वाक्यच शोधत बसतं. काय करू?

— एक्सएसएलटी २.० असेल तर सोप्पंय, टोकनाइज फंक्शनने स्पेसवर शब्द तोड आणि सम-सॅटिस्फाइज (निदान एक तरी शब्द जुळतो का, ही अट) लाव. सगळेच शब्द हवे असतील तर सम ऐवजी एव्हरी.

— अहो पण लिबएक्सएसएलटी (एक्सएसएलटी चालवणारी लायब्ररी) वापरत असाल तर ती १.० वरच अडकलीय ना, तिथे हे नाही चालत. त्यात ईएक्सएसएलटी (EXSLT) या एक्स्टेन्शनमधलं टोकनाइज आहे, त्यातून शब्दागणिक मिळणारे नोड घ्या नि प्रेडिकेटमध्ये (चौकटी कंसातल्या अटीत) कंटेन्स, शीर्षक आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा. कुठल्याही पद्धतीत रिकामा शब्द आला तर मात्र गाळा, नाहीतर सगळीच पुस्तकं येतील, रिकाम्या स्ट्रिंगला कंटेन्स कायम हो म्हणतं.

— सॅक्सन (२.० चालवणारा प्रोसेसर) टाका राव, कटकट मिटेल.