अनुभव धागा: गाण्यातून शिकलेलं आणि गाण्यातच अडकलेलं

आमच्याकडे साडेतीन वर्षांचं कन्यारत्न आहे. दात घासायचे म्हटलं की रोज महाभारत. मागच्या महिन्यात वैतागून मी तोंडाला येईल ते गाऊ लागले:

वरच्या आळीत झाडू मारा,
खालच्या आळीत झाडू मारा,
मागल्या दारी कोण लपलंय?
किडोबा, तू पळ पळ पळ!

चाल भाजीवाल्याच्या आरोळीची. 'मागलं दार' म्हणजे दाढा, हे तिला न सांगता कळलं. घोळ एवढाच की गाणं पंधरा सेकंदांत संपतं, आणि गाणं संपलं की तिच्या लेखी दातही घासून झाले. डॉक्टर दोन मिनिटं सांगतात. म्हणून रोज एकेक आळी वाढवतेय. काल पोस्टाची गल्लीसुद्धा झाडून झाली.

तुमच्याकडे काय चाललं, काय फसलं? फसलेलं आधी लिहा.

कोल्हापूरची आजी
आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा असायचा. बे एके बेपासून तीस दाहे तीनशेपर्यंत, पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या नि पाऊणचे पाढे. ठेक्यात म्हटलेलं अजून विसरले नाही. तोच ठेका नातवाला दिला. पाढे खडाखडा म्हणतो, पण "सात चोक किती?" विचारलं की याची गाडी सात एके सातपासून सुटते. मधल्या स्टेशनात चढताच येत नाही! आता मटार सोलताना मी अर्धी ओळ गाते, "सात सक...", तो उरलेली पुरी करतो. पण क्रमाने विचारायचं नाही. पहिले आठ दिवस चिडला माझ्यावर.

अंगणवाडी सेविका, डहाणू तालुका
आमच्या बाजूला कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडला नेलं, सोबत अनुताई वाघ. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. आम्ही त्यांचं नाव घेतो, पण मी पहिल्या वर्षी चूक केलीच. पुस्तकी मराठीतली गाणी पोरांपुढे म्हणत राहिले. पोरं नुसती बघत बसायची. एका मुलीला सोडायला तिची आजी यायची, ती दारात बसून भातलावणीचं काहीतरी गुणगुणायची. तिच्या चालीवर हात धुण्याचं गाणं बसवलं. शब्द तिनेच दिले, वारलीतले. दुसऱ्या दिवशी बादलीपाशी रांग.

मोजण्याचं वेगळंच. पोरं एक ते दहा सुरात म्हणतात, पण ओठ दहावर पोचतात तेव्हा बोट सातव्याच चिंचोक्यावर असतं. सगळ्यांना वाटतं, मोजता येतं. येत नाही, म्हणता येतं. आता आमचं गाणं असं: "एक... टाक. दोन... टाक." चिंचोका वाटीत वाजल्याशिवाय पुढचा आकडा म्हणायचा नाही. गाणं पार रखडतं, ऐकायला काही गोड नाही.

बेसूर बाबा
मी गायला लागलो की मुलगा पटकन बूट घालतो, गाणं थांबावं म्हणून. हे यशात धरायचं का?

स्टुटगार्टहून
आजींचा पाढ्यांचा किस्सा वाचून हसलो, कारण आमचं दुखणं अंकांचंच आहे. मराठीत पस्तीस म्हणताना पाच आधी, तीस नंतर. जर्मनमध्येही तसंच, 'पाच आणि तीस'. त्यामुळे दोन्ही भाषा मिळून पोराला एकाच खड्ड्यात ढकलतात. पस्तीस सांगितले की हा ५३ लिहितो. मग बायकोने रचलं:

पाच आला धावत धावत,
तीस म्हणाला, मागे हो!

'पाच'ला उडी मारून पुढे यायचं, 'मागे हो'ला तीनच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं. दिवाणखान्यात खडूने दोन चौकोन आखलेत. आठवड्याभरात पस्तीस सरळ झाले, बाकीचे महिनाभर कुरकुरत आले. एकोणचाळीसपाशी मात्र गाणं आणि बाप दोघेही गप्प होतात. ज्या आकड्यात चाळीस ऐकू येतं तो तीनने लिहायचा, हे कुठल्या चालीत सांगू?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा मी त्याविरुद्ध तावातावाने भांडलो होतो. मत अजून तेच आहे, आवाज जरा खाली आलाय.

जत्रेवाली
मुलीला माझा मोबाइल नंबर आरतीच्या चालीवर पाठ करवला होता. गावच्या जत्रेत चुकली, पाळण्यापाशी सापडली. पोलीसदादांनी नंबर विचारला तर ही म्हणे, "आधी टाळ्या वाजवा." त्यांनी वाजवल्या. मग तिने दहाही आकडे सुरात म्हटले आणि माझा फोन वाजला.

पुढची गंमत अशी की वर्षभराने मी नंबर बदलला. नव्या आकड्यांवर तीच चाल बसवून पाहिली, पण पाचव्या आकड्यानंतर ती जुन्याच नंबरावर घसरते. शेवटी जुनं सिम एका डबड्या फोनमध्ये घातलंय आणि त्याचं रिचार्ज भरतेय. नवरा विचारतो, त्या नंबरावर फोन कोणाचा येतो? म्हटलं, न येवो.